टी घेतला, पण उत्तर जुळंना: सब्स्टिट्यूशनच्या इंटिग्रेशनचं समस्या निवारण

"मॅडम, सगळं बरोबर केलंय, पण उत्तर जुळंना."

बारावीचं इंटिग्रेशन सुरू झालं की हे वाक्य मला रोज संध्याकाळी ऐकू येतं. सांगलीत विश्रामबागेत माझी गणिताची शिकवणी आहे. मिरज, बुधगाव, तासगावकडून मुलं येतात. कॉलेजं वेगवेगळी, पण वह्या उघडल्या की चुका त्याच. बहुतेक वेळा पोरांना गणित कळलेलं असतं, फक्त एक खिळा कुठेतरी ढिला राहिलेला असतो. तो कुठे शोधायचा आणि कुठल्या क्रमाने शोधायचा, ते इथे लिहिते आहे. सोप्या तपासण्या आधी आहेत, वेळ खाणाऱ्या नंतर. क्रम मोडू नका, कारण अवघड शंका आधी घेतली की अर्धा तास जातो आणि शेवटी चूक पहिल्याच ओळीत सापडते.

सब्स्टिट्यूशन म्हणजे गणितातल्या एखाद्या राशीला टी हे नवं नाव देऊन सगळं गणित एक्सऐवजी टीमध्ये लिहिणं. लिहिण्याबद्दल एवढंच: ∫ ही इंटिग्रेशनची खूण, ^ ही घाताची, म्हणजे एक्स^२ हा एक्सचा वर्ग, आणि पाय म्हणजे π. मर्यादा ∫ च्या पुढे कंसात लिहिल्या आहेत.

लक्षणं

तुमच्या वहीत यातलं काय दिसतंय ते आधी पाहा.

- पुस्तकातल्या आणि तुमच्या उत्तरात फक्त एका आकड्याचा फरक आहे. तिथे भागिले १०, तुमच्याकडे भागिले ५. किंवा नुसतं चिन्ह उलटं.
- मधल्या एखाद्या ओळीत एक्स आणि टी दोन्ही एकत्र नांदताहेत.
- टी घेतल्यावर गणित आधीपेक्षा अवघड झालं.
- उत्तर पुस्तकापेक्षा साफ वेगळं दिसतं, पण चूक काही सापडत नाही.
- मर्यादा दिलेल्या गणितात उत्तर शून्य येतं, उणे येतं, किंवा लॉग ० समोर उभा राहतो.

पहिली दोन लक्षणं सगळ्यात जास्त दिसतात. शेवटचं क्वचित दिसतं, पण हुशार मुलांनाही तेच फसवतं.

तपासणी १: उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या (अर्धा मिनिट)

बारावीच्या गणितात इंटिग्रेशनसारखा विद्यार्थ्याच्या बाजूचा धडा दुसरा नाही. उत्तर बरोबर की चूक हे सांगायला इथे पुस्तकाचं शेवटचं पान लागत नाही, मॅडम लागत नाहीत. आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. ∫ च्या आत जे होतं ते परत मिळालं, तर उत्तर बरोबर.

∫ कॉस ३एक्स डीएक्स याचं उत्तर कुणी साइन ३एक्स लिहिलं. डेरिव्हेटिव्ह घेतलं तर ३ कॉस ३एक्स येतं. आपल्याला तर नुसतं कॉस ३एक्स हवं होतं. ३ जास्तीचा आला, म्हणजे ३ ने भागायचं राहिलं. चूक आहे एवढंच कळलं असं नाही, कितीची आहे तेही कळलं. म्हणून ही तपासणी पहिली. पुढे कुठे शोधायचं ते हीच सांगते.

चौथं लक्षण, म्हणजे वेगळं दिसणारं उत्तर, तेही इथेच निकालात निघतं. ∫ साइन एक्स · कॉस एक्स डीएक्स घ्या. साइनला टी मानलं तर उत्तर साइन^२ एक्स / २. कॉसला टी मानलं तर − कॉस^२ एक्स / २. आधी साइन २एक्सचं सूत्र वापरलं तर − कॉस २एक्स / ४. एकाच बाकावरच्या तिघांकडे तीन उत्तरं, आणि तिघंही बरोबर! साइन^२ आणि कॉस^२ यांची बेरीज १ असते, त्यामुळे ही उत्तरं एकमेकांपासून फक्त एका स्थिर संख्येने दूर आहेत, आणि तो फरक उत्तराच्या शेवटी लिहितो त्या + सी या स्थिर संख्येत सामावतो. मुलं + सी परीक्षेचा मार्क म्हणून लिहितात. त्याचं खरं काम हे आहे.

तपासणी २: डीएक्सचं काय झालं? (एक मिनिट)

आकड्याचा फरक येतोय ना? मग बाकी काही बघू नका, इथेच थांबा.

∫ एक्स (एक्स^२ + ५)^४ डीएक्स

टी = एक्स^२ + ५. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. पुढे काही जण थेट ∫ टी^४ डीटी लिहितात आणि टी^५ / ५ वर थांबतात. डीएक्स खोडून त्या जागी डीटी लिहिला, बस्स. खरं तर डीटी = २एक्स डीएक्स, म्हणजे एक्स डीएक्स = डीटी / २. तो अर्धा राहून गेला. बरोबर उत्तर (एक्स^२ + ५)^५ / १० + सी.

हे मी मुलांना पूर्वी नुसतं नियम म्हणून सांगायचे, आणि ते आठवड्याभरात विसरायचे. मग एका मुलीमुळे मला वेगळी वाट मिळाली. तिचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी. तिला मी विचारलं, "समजा १२ क्विंटल हळद आली, दर क्विंटलला १५,००० रुपये. पट्टी, म्हणजे बिल, किती रुपयांचं?" तिने क्षणात सांगितलं, १,८०,०००. "आता वजन किलोत लिही." १,२०० किलो. "दर तोच ठेवून गुण." ती हसायलाच लागली. १,८०,००,००० रुपये! "असं कुठं असतंय का मॅडम? वजन किलोत घेतलं तर दर पण किलोचाच घ्यायला पाहिजे, १५० रुपये."

तेच तर. एक्सचा टी करणं म्हणजे क्विंटलचं किलो करणं. माप एका ठिकाणी बदललं आणि दुसरीकडे जुनंच राहिलं, की पट्टी चुकते. इथे फरक इतकाच की क्विंटलला किलो कायम १००, पण एक्सवरून टीवर जाताना हा दर जागोजागी बदलतो. एक्स^२ + ५ साठी तो २एक्स आहे. म्हणून तो आधी काढावा लागतो, अंदाजाने लिहून चालत नाही.

डीएक्स हा वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम नाही. लाइब्निझने १६७५ साली ∫ ही खूण पहिल्यांदा लिहिली, ती 'बेरीज' या अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या पहिल्या अक्षराची लांबवलेली आकृती. बेरीज कशाची? उंची गुणिले रुंदी अशा बारीक पट्ट्यांची. डीएक्स ही त्या पट्टीची रुंदी. पट्ट्या टीच्या मापाने कापायला घेतल्या तर रुंदी बदलणारच.

यासाठी मी एक सवय लावते. टी ठरवला की लगेच खालच्या ओळीत डीटी = … डीएक्स लिहायचं, आणि ती ओळ चौकटीत ठेवायची. चौकट नसेल तर पुढची ओळ मी तपासत नाही.

चिन्ह उलटं येत असेल तरी जागा हीच. ∫ टॅन एक्स डीएक्स म्हणजे साइन भागिले कॉस. टी = कॉस एक्स घेतला की डीटी = − साइन एक्स डीएक्स. तो उणे हरवला की उत्तर उलटं. बरोबर उत्तर − लॉग |कॉस एक्स| + सी. उभ्या रेघाही विसरू नका, कॉस उणे असला तर लॉगला आत उणे चालत नाही.

तपासणी ३: टी योग्य निवडला का? (दोन मिनिटं)

टी घेतल्यावर गणित चिघळलं तर निवड तपासा. मी मुलांना दोन गोष्टी शोधायला सांगते: कंसात, मुळाखाली किंवा घातात अडकलेलं काहीतरी, आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह बाहेर गुणाकारात उभं आहे का. दोन्ही असतील तर आतल्याला टी म्हणा.

∫ एक्स^२ कॉस(एक्स^३) डीएक्स. आत एक्स^३, त्याचं डेरिव्हेटिव्ह ३एक्स^२, बाहेर एक्स^२ हजर. ३ नाही, पण त्याची काळजी नको, कारण आकडा उसना मिळतो: ३ ने गुणा, ३ ने भागा. उत्तर साइन(एक्स^३) / ३ + सी.

आकडा उसना मिळतो, एक्स उसना मिळत नाही. हे वाक्य माझ्याकडच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आहे, कारण या चुकीने मी फार मार्क जाताना पाहिलेत. ∫ (एक्स^२ + १)^२ डीएक्स घ्या. टी = एक्स^२ + १, मग डीएक्स = डीटी / २एक्स. आता तो २एक्स सरळ ∫ च्या बाहेर काढायचा आणि उत्तर लिहायचं (एक्स^२ + १)^३ / ६एक्स. दिसायला सुबक, पण पार चुकीचं. ∫ च्या बाहेर फक्त स्थिर संख्या येऊ शकते. टी बदलला की एक्सही बदलतो, तो स्थिर कसा? पटत नसेल तर तपासणी १ करा आणि एक्सच्या जागी १ ठेवा: मूळ राशी ४ येते, या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह ८/३ येतं. इथे टीची गरजच नव्हती. वर्ग उघडा: एक्स^५ / ५ + २एक्स^३ / ३ + एक्स + सी.

जोडीदार कधी कधी छेदात लपतो, तिथे डोळा तयार व्हायला वेळ लागतो. ∫ (लॉग एक्स)^२ / एक्स डीएक्स यात १/एक्स हेच लॉगचं डेरिव्हेटिव्ह, म्हणून उत्तर (लॉग एक्स)^३ / ३ + सी. आणि कधी तो आणावा लागतो. ∫ १ / (१ + ई^एक्स) डीएक्स मध्ये वर काहीच नाही. अंश आणि छेद दोघांनाही ई^(−एक्स) ने गुणा. छेद ई^(−एक्स) + १ झाला, आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह, उणे चिन्ह सोडलं तर, वर येऊन उभं राहिलं. उत्तर − लॉग(१ + ई^(−एक्स)) + सी. हे गणित पहिल्यांदा सुटतं तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मला अजूनही ते शिकवायला आवडतं.

तपासणी ४: एक्स उरलाय का?

उरला म्हणून लगेच खोडू नका. आधी बघा, त्याला टीच्या भाषेत लिहिता येतंय का. ∫ एक्स √(एक्स + १) डीएक्स मध्ये टी = एक्स + १ घेतला तर बाहेर एक्स उरतो, पण एक्स = टी − १. मग (टी − १)√टी, कंस सोडवा, दोन घात, काम झालं. ∫ एक्स^३ √(एक्स^२ + १) डीएक्स मध्येही तसंच: एक्स^३ चे एक्स^२ आणि एक्स असे दोन भाग करा. एक्स डीएक्सला सोबत घेऊन जातो, एक्स^२ चं टी − १ होतं.

मात्र एक्स टीमध्ये लिहिताना नवं मूळ किंवा नवा लॉग उगवत असेल, तर टी बदला.

तपासणी ५: मर्यादा बदलल्या का?

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या लहान मुलालाही माहीत. आता कुणी ठरवलं, आजपासून पाणी मीटरमध्ये मोजायचं. मग इशारा ४० मीटरला द्यायचा का? तोवर नदीकाठचा गावभाग कुठे असेल! ४० फूट म्हणजे साधारण १२.२ मीटर. मोजपट्टी बदलली की खुणाही बदलतात.

∫ (० ते २) २एक्स / (एक्स^२ + १) डीएक्स. टी = एक्स^२ + १. एक्स ० असताना टी १, एक्स २ असताना टी ५. म्हणून ∫ (१ ते ५) डीटी / टी = लॉग ५. जुन्याच मर्यादा ठेवल्या तर लॉग ० येतो, तो नसतोच. वर सांगितलेलं लॉग ० चं लक्षण बहुतेक वेळा इथूनच येतं.

एक बारीक गोष्ट. ∫ (० ते पाय/२) साइन एक्स · कॉस^३ एक्स डीएक्स मध्ये टी = कॉस एक्स घेतला की मर्यादा १ ते ० होतात, मोठी खाली आणि लहान वर. मुलं "हे उलटं कसं" म्हणून स्वतःच सरळ करून टाकतात आणि चिन्ह गमावतात. उलटं असेल तर उलटंच लिहा. डीटीमधला उणे आहे ना, तो ते सांभाळतो. उत्तर १/४.

तपासणी ६: टी मध्येच मागे फिरतोय का?

ही तपासणी बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलीच नसते. सगळ्या पायऱ्या बरोबर दिसतात आणि उत्तर तरीही चूक येतं, तेव्हा दोष इथे असतो.

∫ (−१ ते १) एक्स^२ डीएक्स. सरळ केलं तर २/३. आता कुणी टी = एक्स^२ घेतला. एक्स −१ असताना टी १, एक्स १ असताना टीही १. मर्यादा १ ते १, म्हणून उत्तर शून्य! पण एक्स^२ चा आलेख तर अक्षाच्या वर आहे, त्याखालचं क्षेत्रफळ शून्य कसं होईल?

झालं असं की एक्स −१ पासून १ पर्यंत पुढे चालत गेला, पण टी १ वरून ० वर आला आणि तिथून परत १ वर गेला. जाताना एक्स = −√टी होता, येताना +√टी. आपण दोन्हीकडे एकच सूत्र लावलं. उपाय सोपा आहे: टी जिथे वळतो तिथे गणिताचे दोन तुकडे करा. −१ ते ० वेगळं, ० ते १ वेगळं, आणि प्रत्येकात मुळाचं चिन्ह जपून.

टॅन तर याहून फसवा. ∫ (० ते पाय) डीएक्स / (१ + साइन^२ एक्स) मध्ये अंश-छेदाला कॉस^२ ने भागून टी = टॅन एक्स घ्यायचा ही नेहमीची रीत. टॅन ० म्हणजे ०, टॅन पाय म्हणजेही ०. पुन्हा उत्तर शून्य. इथे टी वळत नाही, तुटतो: पाय/२ जवळ टॅन अनंताकडे जातो आणि पलीकडून उणे अनंतातून वर येतो. ० ते पाय/२ चं गणित सोडवून दुप्पट करा, उत्तर पाय/√२ येतं, साधारण २.२२.

यासाठी सोडवायच्या आधीच अंदाज बांधायची सवय लावा. १ + साइन^२ एक्स हे १ आणि २ यांच्यामध्ये असतं, म्हणजे आतली राशी अर्धा ते एक. रुंदी पाय, ३.१४. मग उत्तर १.५७ आणि ३.१४ यांच्यामध्येच पडायला हवं. हे दहा सेकंदांचं काम आधी केलं असेल, तर शून्य दिसताच हात थांबतो.

तपासणी ७: हत्यारच दुसरं लागतंय का?

√(९ − एक्स^२) दिसलं की काही जण लगेच एक्स = ३ साइन थीटा घेतात. आधी बाहेर एक्स आहे का पाहा. ∫ एक्स / √(९ − एक्स^२) डीएक्स ला थीटा कशाला? टी = ९ − एक्स^२ घ्या, उत्तर − √(९ − एक्स^२) + सी. बाहेर एक्स नसेल तर थीटा किंवा पाठ असलेलं सूत्र: साइन इन्व्हर्स (एक्स / ३). एक्स · ई^एक्स सारखा गुणाकार असेल तर बाय पार्ट्स. १ / (एक्स^२ − १) सारखा छेद फुटत असेल तर पार्शल फ्रॅक्शन. या दोन्हींत सब्स्टिट्यूशनने डोकं आपटू नका.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

घरी: दोन वेगवेगळे टी घेऊन झाले, वीस मिनिटं गेली, तरी अडकलंय, तर थांबा. वही तशीच घेऊन आपल्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. खोडू नका, फाडू नका. स्वच्छ लिहिलेलं चुकीचं पान मला पाच मिनिटांत सांगतं की खिळा कुठे ढिला आहे. खोडलेल्या पानावरून मला काहीच कळत नाही.

सीईटीत: गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. टी सुचला नाही तर पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह घ्या. चारांपैकी एकच मूळ राशी परत देतो. तेही लांबलचक असेल तर पुढे सरका, चूक उत्तराला तिथे उणे गुण नाहीत, शेवटी येऊन एक पर्याय भरता येतो.

तपासणी १ करतानाच डेरिव्हेटिव्ह चुकत असेल, तर इंटिग्रेशनचा सराव ताबडतोब थांबवा. दोष या धड्यात नाही. चेन रूल, म्हणजे राशीच्या आत राशी असते तेव्हाच्या डेरिव्हेटिव्हचा नियम, कच्चा आहे, आणि तो शिकवणाऱ्या माणसासमोर बसून पक्का करावा लागतो. आठवडाभर फक्त तेवढंच करा. मी अशा मुलांना शंभर गणितं अजून घाल असं कधीच सांगत नाही. चुकीचा हात त्याने अजून पक्का बसतो.

आणि काही गणितांपाशी सगळ्यांनीच थांबायचं असतं. ∫ ई^(−एक्स^२) डीएक्स, ∫ साइन एक्स / एक्स डीएक्स, ∫ कॉस(एक्स^२) डीएक्स, ∫ १ / लॉग एक्स डीएक्स. यांची उत्तरं घात, मूळ, लॉग, साइन-कॉस अशा आपल्या ओळखीच्या राशींत मर्यादित पायऱ्यांत लिहिताच येत नाहीत. अशा राशींचा शोध कसा घ्यायचा याचा पाया लिओव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकात घातला. पहिल्या राशीच्या बाहेर एक एक्स असता तर ती टीने दोन ओळींत सुटली असती. एका एक्सचा फरक! तरीही उणे अनंत ते अनंत या मर्यादांत तिचं उत्तर अगदी नेमकं √पाय येतं, फक्त त्याची वाट निराळी आहे. इंजिनिअरिंगला गेल्यावर अशा राशीचं मधल्या मर्यादांतलं मूल्य लागलं, तर सिम्पसनच्या नियमाने आकड्यांत काढा, किंवा आपल्या कॉलेजच्या गणित विभागात मूळ प्रश्न घेऊन जा. मूळ प्रश्न न्या, शेवटची ओळ नव्हे. पुष्कळदा असं दिसतं की उतरवून घेतानाच तो एक्स राहून गेला होता.